छकुलीची गोळी

लीड्स

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर मला धड बोलता आले नाही, म्हणून लिहिते आहे. मार्गशीर्षात साताऱ्याला येण्याचे आम्ही रद्द केले आहे. तिकिटे परवाच परत केली. छकुली वर्षाची झाल्यावरच येऊ.

ती मजेत आहे. आईने पाठवलेली कुंची आणि गोधडी रोज वापरात आहे, त्यामुळे थंडीची काळजी नको. पाचव्या दिवशी जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी मिडवाईफने घरी येऊन तिच्या टाचेला टोचले आणि कार्डावरची चार वर्तुळे रक्ताने भरली, तेव्हा डोळे मीच मिटून घेतले होते. अकराव्या दिवशी, तिची थायरॉईड ग्रंथी नीट काम करत नाही, असा रुग्णालयातून फोन आला आणि दोन दिवसांत थायरॉईडची गोळी सुरूही झाली. ती चुरून, चमचाभर दुधात कालवून देते, तर लबाड जिभेने बाहेर ढकलते. मी औषध थुंकायचे तेव्हा तू गुळाचा खडा दाखवायचीस. हिला अजून तेही चालत नाही.

बाबा, हीच गोळी साताऱ्यात कोणत्याही दुकानात मिळते आणि डॉक्टरही उत्तम आहेत, हे मला मान्य आहे. परंतु वजन वाढेल तशी मात्रा बदलावी लागते, त्यासाठी पहिल्या वर्षात वरचेवर रक्त तपासावे लागते, आणि इथे तारीख चुकली तर तेच फोन करतात. दादाकडे अमेरिकेत तर टाचेचे रक्त एक-दोन दिवसांतच घेतात आणि आजारांची यादीही इथल्यापेक्षा कितीतरी लांब आहे. आपल्याकडे गोवा सरकारने २००८ मध्ये अशी तपासणी सुरू केली होती, तरी देशभर ती सरसकट होत नाही; बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी सुचवली आणि आपण पैसे भरले तरच होते. गावातल्या आरोग्य-स्वयंसेविका आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात आणि घरी जाऊन बाळ तपासण्याची ही रीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत घडवली, हे मी इथल्या नर्सला अभिमानाने सांगितले. मात्र हा आजार सुरुवातीला बाळाकडे पाहून बहुधा कळतच नाही, रक्तच तपासावे लागते. नंदूच्या वेळी हे कळले नाही, यात आत्याचा काहीच दोष नव्हता. तपासणी करायची का, असे तिला कुणी विचारलेच नाही.

आई, मनाला लावून घेऊ नकोस. तुझी स्वतःची थायरॉईडची गोळी मात्र चहाबरोबर घेणे आजपासून बंद. उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्यायची, मग अर्धा तास काही खायचे नाही, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बाबा, तुम्ही लक्ष ठेवा. छकुलीचे रक्त पुढच्या मंगळवारी आहे. त्याच आठवड्यात आईचेही तपासून घ्या आणि आकडा मला कळवा.

तुमची,
बेबी