छोटा बंब हवाच, पण पाणी कुठून?

कोकणातील वाड्यांसाठी छोटे अग्निशमन बंब घ्यावेत, ही आपल्या अंकातील सूचना रास्त आहे. दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणे) असलेल्या रस्त्यावर मोठा बंब वळतच नाही. मात्र मोठ्या बंबात ४,५०० लिटरच्या आसपास पाणी असते, पिकअपवरच्या छोट्या बंबात जेमतेम ४०० ते ५००. नेहमीच्या जाड होजने ते एक-दीड मिनिटात संपते. मिनिटाला ४० लिटर सोडणाऱ्या उच्चदाबाच्या फवाऱ्याने १० मिनिटे पुरते. निविदेत असा पंप सक्तीचा हवा.

पुढचे पाणी विहिरीचेच, आणि खरी अडचण तिथे आहे. काठावर ठेवलेला पंप, इंजिन कितीही ताकदीचे असो, साधारण ७ मीटरहून खोलचे पाणी ओढू शकत नाही. पाणी वर रेटणारा हवेचा दाबच तोकडा पडतो. काजू-आंब्याच्या बागांत वणवे पेटतात ते नेमके जांभ्या दगडातल्या विहिरी तळ गाठतात तेव्हा! म्हणून प्रत्येक बंबासोबत विहिरीत सोडता येणारा पंप द्यावा, त्याला पाल्याने न तुंबणारी मोठी जाळी असावी. ग्रामपंचायतींनी विहिरींची एप्रिलमधील पातळी मोजून यादी बंबचालकाकडे द्यावी.

– एक वाचक, रत्नागिरी