कासदाहाबाबत सर्व दूध उत्पादक सभासदांना सूचना

सभासदहो, पावसाळ्यात गोठा ओला राहतो आणि कासदाह, म्हणजे आपली दगडी, वाढते. सुजलेली कास कोणालाही दिसते. खरा घात छुप्या कासदाहाचा: दूध पांढरंशुभ्र, पण रोज थोडं कमी. सीएमटी, म्हणजे छुपा कासदाह ओळखायच्या चाचणीच्या, द्रावणात असं दूध चिकट होतं, तपासून घ्या.

स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू धार काढणाऱ्याच्या हातातून आणि कास पुसायच्या एकाच फडक्यातून गाईगाईत पसरतो, म्हणून बाधित गाय सगळ्यात शेवटी पिळा. ई. कोलाय मात्र शेणाचिखलातून येतो. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं असतं. तेवढ्यात गाय बसली की जंतू आत शिरतो. सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा, लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील.

पहिल्या दोन-तीन धारा काळ्या भांड्यात घेऊन पाहा. गुठळ्या दिसल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. मनानेच सडात औषधाची ट्यूब सोडू नका, हे हात जोडून सांगणं आहे. आणि प्रतिजैविक चालू असेपर्यंत, शिवाय डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे दिवस, त्या गाईच्या चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका.