कडीचं घुंगरू

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर आई हसत म्हणाली, ‘तुझी झोपेत चालायची जुनी सवय आता ह्यांना लागलीय.’ रात्री दीडला बाबांनी चहाचं आधण ठेवलं, गॅस तसाच सोडून पुन्हा येऊन झोपले, आणि सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवेना. आई, मला हसू नाही आलं गं.

माझं चालणं वेगळं होतं. लहान मुलांचा मेंदू गाढ झोपेतून कधी कधी अर्धवटच उठतो, पाय चालतात पण भान निजलेलं असतं. म्हणून तर निजानीज झाल्यावर तास-दोन तासांत मी पडवी ओलांडून तुळशीपाशी उभी असायचे. आजीने दृष्ट काढली, शेजारचे ‘बाहेरचं’ म्हणाले. बाबांनी मात्र कडीला घुंगरू बांधलं. ते वाजलं की आई उठायची, हाक न मारता खांद्याला धरून परत आणायची. चौदाव्या वर्षी ते आपोआप थांबलं. (सातवीच्या सहलीला पाठवलं नाहीत, तो राग अजून आहे. हॉटेलात आजही मी तळमजल्यावरचीच खोली मागते.)

पण ७१व्या वर्षी हे नव्याने सुरू झालं तर कारण शोधायला हवं. बाबा, झोपेची गोळी गेल्याच महिन्यात लागली ना? पाकिटावर झोल्पिडेम लिहिलंय का बघा. ती घेऊन माणसं झोपेत स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात. २०१९मध्ये अमेरिकेत या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आज रात्रीची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका.

आई, आता खरं सांग. तुझ्या दंडावरचं काळंनिळं पलंगाचा कोपरा लागून झालंय का? की पहाटे बाबा स्वप्नात ओरडतात, हात झाडतात? तसं असेल तर ते गोळीपेक्षा वेगळं असू शकतं. स्वप्न पडताना शरीर एरवी लुळं असतं, या आजारात ते तसं राहत नाही. कधी कधी ती कंपवाताची बरीच आधीची खूण असते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. तोवर तू दुसऱ्या खाटेवर झोप.

रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कर. घुंगरू माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. बाबा, तुम्हाला ते आवडणार नाही, मलाही आवडायचं नाही. शनिवारी सकाळच्या एसटीने येते.

तुमची,
छकी