सिझर मी मागून घेतलंय

ती. आईस,
सा. न.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "डोकं खाली आहे, वार वर आहे, पाणी भरपूर आहे, मग सिझर कशाला?" बाबा शेजारी होते, म्हणून मी "लिहून कळवते" म्हटलं. आता निवांत वाच, आणि आधी एकटीच वाच.

सिझर डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मी मागितलंय. कळांची भीती वाटते म्हणून नाही. मला व्हजायनिस्मस आहे. बोट, तपासणीचं यंत्र, काहीही आत जायची वेळ आली की योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते ना, तसं. त्यात माझ्या इच्छेचा भाग नाही. "अंग सैल सोड" हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ते नुसतं ऐकलं तरी अंग आखडतं.

लग्नानंतर तू मला ज्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतंस ते आठवतंय? तू पडद्याच्या अलीकडे उभी होतीस. मी टेबलावर मागे मागे सरकत पार भिंतीला टेकले आणि बाई म्हणाल्या, "लग्न झालंय ना? मग कसली एवढी लाज?" तू घरी येताना काहीच बोलली नाहीस, मीही नाही. मला लाज वाटत नव्हती गं, आग होत होती. त्यानंतर मी आतून तपासणी म्हणून कुणालाच करू दिली नाही. सोनोग्राफ्यासुद्धा पोटावरूनच, पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन.

मग दिवस कसे गेले, हे तू विचारणार नाहीस, पण मनात येईलच. सुई नसलेली साधी सिरिंज वापरून, घरच्या घरी. तेवढ्याने दिवस राहू शकतात. मधल्या काळात लोक तुला "अजून काही नाही का?" विचारायचे आणि तू मला विचारायचं टाळायचीस, ते कळत होतं मला. जावयाबद्दल मात्र मनात काही आणू नकोस. त्याने कधी जबरदस्ती केली नाही, कधी टोमणा मारला नाही. आमचं चांगलं चाललंय.

उपचार केले. इथे इंग्लंडमध्ये या स्नायूंसाठी वेगळ्या फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांनी श्वासाचे व्यायाम दिले आणि डायलेटर दिले, म्हणजे गुळगुळीत नळकांड्या, करंगळीपेक्षा बारीक ते जाड अशा चढत्या क्रमाने. आपल्याच हाताने, आपल्याच वेगाने वापरायच्या. पुष्कळ जणी यातून पूर्ण बऱ्या होतात. मी अर्ध्यापर्यंत पोचले आणि दिवस राहिले. बाळंतपणानंतर पुढचं बघू.

व्हजायनिस्मस असला की नॉर्मल होतच नाही, असं मुळीच नाही. बाळाला खाली ढकलतं ते गर्भाशय, त्याला या स्नायूंची परवानगी लागत नाही. पाठीतून भूल घेऊन कित्येक जणींचं बाळंतपण नॉर्मल होतं, आणि हे मला फिजिओबाईंनीच समजावलं. माझी अडचण बाळ बाहेर येण्याची नाही, बाहेरून आत येणाऱ्या हातांची आहे. कळा सुरू झाल्या की साधारण दर चार तासांनी आतून तपासतात. मी नको म्हणू शकते, इथे तो हक्क आहे. पण बाळाचे ठोके कमी झाले, बाळ ओढून काढायला चिमटा लावायची वेळ आली, तर तिथे विचारत बसायला सवड कुणाला? त्या क्षणी मी पुन्हा त्या भिंतीला टेकलेली असेन. त्यापेक्षा पोटावरची जखम मला परवडते. ती कधी, कुठे, कोण करणार हे आधी माहीत असतं.

पहिल्या डॉक्टरांनी "पहिलटकरणी सगळ्याच घाबरतात" म्हणून विषय संपवला. पण इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी नाइस नावाची संस्था मार्गदर्शक सूचना काढते. तिने 2011 सालीच म्हटलंय की सगळी माहिती आणि आधार देऊनही बाईला नॉर्मल नको असेल, तर सिझर द्यावं, आणि एखाद्या डॉक्टरला करायचं नसेल तर करणाऱ्याकडे पाठवावं. मी तेच मागितलं. दुसऱ्या डॉक्टरीण खुर्ची ओढून समोर बसल्या, जोखमीही सगळ्या सांगितल्या: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताच्या गाठी, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर चिकटण्याचा धोका, जो दर सिझरगणिक वाढतो. आम्हाला फार मुलं नकोयत, म्हणून हा धोका मी पत्करला.

आता खरं सांगते, मला ऑपरेशनपेक्षा लघवीच्या नळीची धास्ती जास्त होती. ती वाट वेगळी आहे हे मला कळतं, माझ्या अंगाला कळत नाही. म्हणून असं ठरलंय: मणक्यातलं इंजेक्शन आधी, कमरेखाली बधिर झाल्याची खात्री, मगच नळी. ऑपरेशन संपल्यावर खालून साचलेलं रक्त पुसून घेतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तेही भूल असतानाच, आणि मला सांगून. नळी काढताना मात्र भूल उतरलेली असते. नळी आत धरून ठेवणारा छोटा फुगा रिकामा करून ती सावकाश काढतात, तेव्हा मी खोकायचं, असं मिडवाइफने सांगितलंय. तिने माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "विचारल्याशिवाय आतून तपासणी नाही." तारखेआधी कळा आल्याच तरी जो कोणी ड्यूटीवर असेल त्याला ते दिसेल.

तारीख 39 आठवडे भरल्यावरची मिळेल. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, म्हणून थांबतात.

तुझ्या बाकीच्या शंका. मणक्यातल्या इंजेक्शनाने जन्मभर पाठ धरते, याला आधार नाही. थोड्या जणींना काही दिवस डोकं दुखतं. दूध येतं. एखाद दिवस उशिरा येईल, पण बाळाला तिथेच, टेबलावरच छातीशी देणार आहेत. आणि "सोपा मार्ग" असं काकू म्हणाल्याचं तू सांगितलंस. पोटाचे थर कापून पुन्हा शिवतात, उठून बसताना कूस वळवून हातांवर जोर द्यावा लागतो, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. यात सोपं काय ते काकूंनाच विचार.

नातेवाइकांना "बाळ आडवं होतं", "नाळ गळ्याभोवती होती" असलं काही सांगू नकोस. "तिने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं" एवढं पुरे. सासूबाईंना आम्ही दोघं सांगू.

तिकीट तारखेच्या आठवडाभर आधीचं काढ. नंतरचे पहिले पंधरा दिवस मला खरी गरज लागेल, विशेषतः रात्री बाळ उचलून हातात द्यायला. आणि कुणी तपासायला आलं की तू पडद्याच्या आत उभी राहा, माझ्या डोक्याशी.

बाबांना यातलं किती सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
धाकटी