साडीतला फोटो राहिलाच

प्रिय आई,

अगं मी बारीक नाही झालेय, जॅकेट जाड आहे म्हणून तोंड एवढंसं दिसतं. आणि बाबांना सांग, एकटी गेले नव्हते, ऑफिसातली मैत्रीण होती, गाडी तिचीच.

रविवारी डार्क हेजेस बघितलं, म्हणजे झाडांच्या कमानीखालचा एक रस्ता. इथे उत्तर आयर्लंडमधेच, बेलफास्टहून तासाभरावर. साधारण 1775 मधे स्टुअर्ट घराण्याने आपल्या ग्रेसहिल हाऊसकडे येणाऱ्या पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बीचची झाडं लावली (समुद्राचा बीच नाही बाबा, झाडाचंच नाव), आता वर फांद्या अशा गुंतल्यात की कुठली कुणाची कळत नाही. खोडं करडी, हत्तीच्या पायासारखी, आणि त्यावर नावं कोरणारे महाभाग इथेही आहेतच. एका सिरीजमधे दिसल्यापासून इतकी गर्दी की 2017 पासून गाड्यांना बंदी, त्यामुळे चालत गेलो. लवकर पोचलो म्हणून रस्ता दहाएक मिनिटं रिकामा मिळाला, मग बस आली आणि प्रत्येक फोटोत कुणाची तरी छत्री. झाडं म्हातारी झालीत, वादळात पडतात, 2023 मधे सहा तर धोकादायक म्हणून कापली, मधेच दात पडल्यासारखं दिसतं. बाबांची वडाची झाडं आठवली.

एक गंमत सांगते. इथे खेड्यातल्या रस्त्यावर समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. हात नाही, एकच बोट, तेही जेमतेम. मला वाटलं हिच्या ओळखीचे, मग वाटलं पुढे पोलीस आहेत म्हणून खुणावतायत. तर कुणी ओळखीचं नाही, नुसता रामराम! ट्रॅक्टरवाल्यानेही केलं. येताना मीपण बाजूच्या सीटवरून करायला लागले तर मैत्रीण हसून म्हणाली, ते चालवणाऱ्यानेच करायचं असतं.

फोटो 140 काढले, माझा एकच, त्यातही टोपीच जास्त. बायोडेटासाठी साडीतला हवा होता ना, साडी पिशवीतून नेली होती गं, खरंच, पण बाहेर नाही काढली. काकूंना सांग थंडी होती.

या महिन्याचे पैसे दहा तारखेनंतर येतील, नव्या घराचं डिपॉझिट भरलं. दिवाळीचं तिकीट बघतेय, अजून काढलं नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र मी येईपर्यंत थांबवू नका, आणि थांबवलं असेल तर माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी,
मनू