चावी आधी तुटली पाहिजे

पुणे
शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण शनिवार आता माझा राहिलेला नाही. गेल्या वर्षापासून मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मशीन डिझाइन शिकवतोय. आठवडाभर भोसरीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज आणि शनिवारी सकाळी नाशिक फाटा ओलांडून वर्गात. मानधन तासावर. तेही चार-चार महिने अडकतं, आणि ज्यांचं घर त्यावरच चालतं त्या सहकाऱ्यांकडे बघून जीव तुटतो. पण आज तुला वर्गाबद्दल लिहायचं आहे.

मुलं हुशार आहेत रे. पहिल्या तासाला साधं गणित घातलं: शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, ८८ न्यूटन-मीटरचा टॉर्क, अलाउएबल शिअर स्ट्रेस (पिळाचा जास्तीत जास्त चालेल तेवढा ताण) ४० मेगापास्कल, फक्त पीळ धरायचा, व्यास काढा. पाच मिनिटांत सगळ्यांचं उत्तर २२.३८ मिलिमीटर, खाली दोन रेघा. मी विचारलं, "मग टर्नरला किती सांगायचं?" वर्ग चिडीचूप.

गेल्या वर्षी अशा वेळी मीच उत्तर सांगून मोकळा व्हायचो. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि माझा निर्णय त्यांच्या वहीत माझाच राहायचा. ते वर्ष मी वाया घालवलं असं मला मनापासून वाटतं. यंदा थांबलो. दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, गिअर बसवायला कीवे कापावा लागेल ना?" कापावा लागेल. म्हणजे चावीच्या त्या खाचेमुळे शाफ्ट तिथे कमजोर होणार, स्ट्रेस पाव हिश्श्याने कमी धरायचा, ४० चा ३०. नवा व्यास २४.६३. तेवढ्यात एकाने डेटा बुक, म्हणजे प्रमाणित मापांच्या तक्त्यांचं पुस्तक, उघडलं: शाफ्ट ज्यात बसतो त्या ६२०४ बेअरिंगचं भोक २० चं, ६२०५ चं २५. "सर, पंचवीस!" तो जवळजवळ ओरडलाच. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की भोक मिळतं, हेही त्यानेच शोधलं. त्या पंचविसात किती गोष्टी एकत्र आल्या होत्या बघ. सूत्राने त्यातली एकच सांगितली होती.

ज्या शहरात १८५४ पासून इंजिनिअर घडताहेत, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी तुटलेला शाफ्ट कधी हातात धरलेला नसावा, हे मला फार लागतं. म्हणून रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि भंगारातून एक मोडका शाफ्ट आणला. मोड अगदी पुस्तकात असावी तशी: पायरीच्या काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू झालेली, शिंपल्यावर असतात तशा वलयांनी आत सरकत गेलेली, आणि शेवटचा तुकडा खरबरीत, एका झटक्यात गेलेला. वर्गभर तो हातोहात फिरला. एक मुलगा बराच वेळ त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत बसला होता. पुढच्या शनिवारी त्याच्या ड्रॉइंगवर प्रत्येक पायरीला फिलेट, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, होता, न सांगता.

पण खरी गोष्ट रसवंतीची. चौघाचौघांच्या गटांना उसाच्या चरकाचं डिझाइन दिलंय. अट एकच: आधी कॉलेजजवळच्या रसवंतीवर जाऊन मालकांशी बोलायचं, मग डेटा बुक. एक गट मात्र थ्री-डी मॉडेल पुरं करूनच गेला. मामांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्री धुता येईल का?" रस आत राहिला की सकाळपर्यंत आंबूस वास, मुंग्या, गंज. पोरांनी मोजलं, त्यांच्या मॉडेलमध्ये रोलर काढायला अकरा बोल्ट खोलावे लागत होते.

मग मामांनी चावीचं सांगितलं, म्हणजे गिअर शाफ्टवर पक्का धरणारा तो छोटा तुकडा, आपली 'की'. जाड पेराचा ऊस अडकला की ती तुटायची. कंटाळून त्यांनी एकदा टर्नरकडून कडक पोलादाची करून घेतली. पुढच्या वेळी ऊस अडकला, चावी टिकली आणि गिअरचे दात गेले. भर एप्रिलमध्ये दोन दिवस दुकान बंद. त्या गटाने रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलं: "चावी आधी तुटली पाहिजे."

आज वर्गात त्या चावीचं गणित उलट्या बाजूने मांडलं. किती भार सोसेल, हे आजवर सगळ्यांनी काढलं होतं. कितीला तुटायलाच हवी, हे पहिल्यांदा काढलं. रोजच्या उसाला टिकली पाहिजे, पण गिअरच्या दातांवर बेतायच्या आत गेली पाहिजे. या दोन आकड्यांच्या मधली जागा चिंचोळी निघाली, त्यावर मुलं भांडली, तास संपला तरी कोणी उठेना. गाडी काढताना माझे हात अजून खडूने भरलेले होते.

आता तुझ्याकडे मागणं. शिरोलीला तुझ्या फाउंड्रीत रिजेक्ट झालेली दोन कास्टिंग्ज बाजूला ठेव: एक ब्लोहोल (आत अडकलेल्या वायूची पोकळी) असलेलं, एक जाड-पातळ भिंतींच्या सांध्यावर श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) आलेलं. मधोमध कापून पाठवलीस तर उत्तम. पुढच्या महिन्यात चरकाची बॉडी शिकवायची आहे. आणि जमलं तर तूच घेऊन ये. शनिवारी सकाळी दहाला तास असतो. मोल्डमध्ये धातू कसा थिजत जातो, हे तू सांगावंस असं फार वाटतं.

आईंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझा,
हॉस्टेलचा जुना खोलीसोबती