चातुर्मासाची फेलोशिप

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी नाटकाला तरुण दिग्दर्शक मिळत नाहीत, अशा अर्थाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मला तो पटला नाही. लालबागच्या मार्केटपासून परळच्या एसटी डेपोपर्यंत चालत गेलात तरी वाटेत दोन-तीन दिग्दर्शक भेटतील. एक बँकेत कॅशिअर आहे, एक मालिकांचे संवाद लिहितो. तिसरी मी. मी लग्नातल्या संगीताचे नाच बसवते. नाटक येतं तिघांनाही, पण ते करायला लागणारी तीन महिन्यांची सवड कुणाकडे नाही.

माझं वय 39. कॉलेजात आयएनटीच्या, म्हणजे इंडियन नॅशनल थिएटरच्या, स्पर्धेत एकांकिका केल्या, 25 जानेवारीच्या रात्रीची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा जागवली, पुढे राज्य नाट्य स्पर्धेत तीन नाटकं बसवली. दुसऱ्यांच्या सात नाटकांचं नृत्यदिग्दर्शन केलं, त्यातलं एक व्यावसायिक. त्या नाटकाच्या दिग्दर्शकाला दर प्रयोगाला पैसे होते. मला एकदाच पाकीट मिळालं. नाटकाचे ऐंशीच्या वर प्रयोग झाले. पेपरातल्या जाहिरातीत माझं नाव पहिल्या आठवड्यात होतं, नंतर बहुधा जागा अपुरी पडली.

घर चालतं ते लग्नांवर. तुळशीचं लग्न लागलं की माझा सीझन सुरू होतो. लोक हसतात, पण नवरीच्या मावशीचा गुडघा सांभाळून तिला सोळा मात्रांत डावीकडून मधोमध आणणं आणि तिथून फोटोग्राफरकडे वळवणं, यालाही नृत्यरचना यावी लागते. आषाढी एकादशी आली की लग्नं थांबतात. पैसे थांबतात आणि वेळ मोकळा होतो. गेली अकरा वर्षं माझी सगळी नाटकं याच चार महिन्यांत झाली. त्यातही गणपतीत मंडळांचे नाच असतात, नवरात्रात गरबा असतो. तरीसुद्धा मी गमतीनं म्हणते, मला चातुर्मासाची फेलोशिप आहे.

आता हिशेब सांगते, कारण अशा पत्रांत तो कुणी देत नाही. गेल्या पावसाळ्यात एका नाटकासाठी मी सहा मिनिटांचा एक प्रवेश बसवला. त्यात शब्द एकही नाही. अकरा मुलंमुली गिरणीतले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, होतात, एवढंच. त्या सहा मिनिटांना बावीस तालमी लागल्या. तालीम रोज तीन तासांची, शाळेच्या वर्गाचं भाडं ताशी 400 रुपये, म्हणजे 26,400. बारा जणांचा वडापाव आणि चहा माणशी तीस रुपयांनी धरला तर आणखी 7,920. यात मुलांचं मानधन नाही, माझं तर नाहीच. तालीम म्हणजे काय, तर साडेसहाला बाकं भिंतीला लावायची, खडूनं जमिनीवर रेघा मारायच्या आणि सव्वानऊला शिपाईमामांनी किल्ल्या वाजवल्या की रेघा ओल्या फडक्यानं पुसून बाकं परत जागेवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघा. बाकं हलवण्यात रोज अर्धा तास जायचा, म्हणजे बावीस दिवसांत अकरा तास. त्याचंही भाडं भरलंय.

माझे आजोबा साचेखात्यात होते. सूत तुटलं की साचा थांबवावा लागतो, आणि नुसता आवाज बदलला तरी कुठे काय झालंय ते त्यांना कळायचं, असं आई सांगते. आमचा प्रवेश तेरा दिवस कवायतीसारखा दिसत होता. चौदाव्या दिवशी आमच्यातला एक उंच मुलगा डोंबिवलीहून भिजत आला, दमला होता, आणि त्याचा हात अर्धी मात्रा उशिरा खाली आला. तेवढ्यानं ती ओळ जिवंत झाली. सूत तुटलं होतं. पुढचे आठ दिवस ती चूक नेमकी कुणी, कितव्या वेळी करायची ते ठरवण्यात गेले. आता हे चौदा दिवस कुठल्या अर्जात, कुठल्या शीर्षकाखाली मागायचे?

एका फेलोशिपसाठी अर्ज मी केला होता. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं भली आहेत. फॉर्मवर नाटककार, दिग्दर्शक, अभिनय, नेपथ्य, प्रकाश आणि संगीत असे चौकोन होते. नृत्यदिग्दर्शनाला चौकोन नव्हता. मी ‘इतर’वर खूण केली. वयाची अट 35 ची होती, मी छत्तिसावं ओलांडलेलं. फोनवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुम्ही आधीच का नाही केलात?’’ आधी माझा मुलगा लहान होता. तिसाव्या वर्षापासून चौतिसाव्यापर्यंत मी एकही नाटक केलेलं नाही. माझ्याबरोबरीच्या पुरुष दिग्दर्शकांची ती पाच वर्षं जमेत धरली जातात, माझी वजा होतात. चाळीतले एक काका मात्र माझ्यावर खूश होते. ‘फेलोशिप’ म्हटल्यावर त्यांना संगीत नाटक अकादमीची वाटली. तो तर अकादमीचा सर्वोच्च सन्मान, एका वेळी देशभरात चाळीसच जणांना. ‘‘मग शाल कधी?’’ म्हणाले.

मदत अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजनेत 18 ते 25 वयाच्यांना दरमहा 5,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे, 25 ते 40 ला 10,000 ची ज्युनिअर फेलोशिप, त्यापुढे 20,000 ची सिनिअर, प्रत्येकी दोन वर्षं. दरमहा दहा हजारांत माझ्या चार महिन्यांच्या तालमींचं भाडं सुटेल, आणि तेही थोडं नाही. पण या फेलोशिपचा ढाचा अभ्यासाचा आणि संशोधनाचा आहे. नाटक बसवणारा माणूस नाटक बसवतच संशोधन करतो, आणि त्याचा अहवाल म्हणजे प्रयोग. राज्य सरकार नव्या व्यावसायिक नाटकाला अनुदान देतं, ते निर्मात्याला जातं आणि नाटक उभं राहिल्यावर जातं. उतारवयातल्या कलावंतांना मानधन आहे, ते असायलाच हवं. मधल्या माणसानं, ज्याची दोन-तीन नाटकं लोकांनी पाहिलीत आणि चौथं पोटासाठी राहून गेलंय, त्यानं कुठं जायचं?

1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’ची माणसांची भिंत सगळ्यांना आठवते, दिग्दर्शक जब्बार पटेलही आठवतात. त्या नाटकाचे नृत्यदिग्दर्शक कृष्णदेव मुळगुंद होते, हे माझ्या तालमीतल्या अकरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि याच मुंबईत, अंधेरीला, 1952 साली नृत्यरचनाकार शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप हा नृत्यनाट्याचा संच उभा केला होता! पुढे तो ग्वाल्हेरला गेला, मग भोपाळला.

न्यूयॉर्कमध्ये दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शकांची मिळून एकच संघटना आहे, 1959 पासून. तिच्याशी जोडलेलं फाउंडेशन 1965 मध्ये निघालं. उमेदवारी करणाऱ्या दिग्दर्शकाला किंवा नृत्यदिग्दर्शकाला मुरलेल्या माणसाच्या तालमीत बसून काम पाहता यावं, आणि त्याचे पैसेही मिळावेत, असा उपक्रम त्यांनी चालवला. तालमीत मीही बसलेय, दोन वर्षं. चहा आणला, प्रॉम्प्टिंग केलं, एका नटाच्या मुलीला शाळेतून आणलं. शिकले भरपूर, ते नाकारत नाही. पण त्या दोन वर्षांत मला परवडलं, कारण वडील नोकरीत होते. ज्याचे वडील नव्हते तो मुलगा आज फूड डिलिव्हरी करतो, आणि आमच्यात सगळ्यांत चांगली नजर त्याची होती.

आपल्याकडे पूर्वी हे काम पैशाशिवायही झालं आहे. 1974 पासून पुढची दीडेक दशकं ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं केली, इतरांनाही करू दिली. जागा स्वस्त होती. पडलं नाटक तर पडलं, घर गहाण पडत नव्हतं. छबिलदासला आपण चळवळ म्हणतो, मला ती एका पिढीला मिळालेली फेलोशिप वाटते. नंतर ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेलं, म्हणजे शाळेचा वर्ग नाटकाला देता येतो हे पालिकेलाही नवीन नाही.

म्हणून माझं मागणं पैशाच्या आधी जागेचं आहे. सरकारनं, पालिकेनं किंवा एखाद्या ट्रस्टनं दरवर्षी मुंबईतल्या पाच-सहा जणांना तीन महिने एक वर्ग द्यावा. त्यात बाकं नकोत, खडूच्या रेघा रात्री पुसाव्या लागू नयेत आणि किल्ली आमच्याकडे असावी. वयाऐवजी काम मोजावं, दोन नाटकं केलेली असली की बास. फॉर्मवर नृत्यदिग्दर्शनाचा चौकोन असावा. शेवटी प्रयोग झालाच पाहिजे, ही अट नसावी. पैसे देणार असाल तर ते निम्मे आधी द्या, कारण शाळा भाडं आगाऊ घेते.

आमच्या गल्लीतल्या पालिका शाळेचा दुसरा मजला दोन वर्षं बंद आहे, मराठी वर्गांना मुलं उरली नाहीत. कोपऱ्यातल्या वर्गाच्या खिडकीची काच फुटलेली आहे, ती आम्ही बसवून घेऊ. मला तो आषाढी एकादशीपासून हवा आहे. कार्तिकीनंतर देऊन उपयोग नाही, तेव्हा माझ्या लग्नांच्या तारखा लागलेल्या असतात.

आपली,
एक नृत्यदिग्दर्शिका, लालबाग, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)